ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड करावी की थांबावे : निर्णय घेण्याची पद्धत

संगणक रोजचे काम नीट करीत असताना एके दिवशी ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती आल्याची सूचना पडद्यावर दिसू लागते. काही जण त्याच क्षणी होकाराचे बटण दाबतात आणि काही जण ‘नंतर’ म्हणत ती सूचना महिनोन्महिने पुढे ढकलत राहतात. या दोहोंपैकी कोणीही आपल्या यंत्राचा आणि आपल्या कामाचा विचार केलेला नसतो. माझे मत असे, की नव्या आवृत्तीत कोणत्या सोयी आहेत हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आधी तीन गोष्टी तपासाव्यात: सध्याच्या आवृत्तीला सुरक्षेचे अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार आहेत, आपले काम ज्या सॉफ्टवेअरवर आणि उपकरणांवर अवलंबून आहे ती नव्या आवृत्तीवर चालतील का, आणि काही बिघडले तर मागे फिरण्याची सोय आपल्याकडे आहे का. या तिन्हींची उत्तरे हाती आली, की निर्णयाला फारसा वेळ लागत नाही.

आधी तारीख पाहावी

दर महिन्याला येणारे सुरक्षा अपडेट आणि संपूर्ण नव्या आवृत्तीकडे जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या लेखातील विचार फक्त दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. मासिक सुरक्षा अपडेट घ्यावेत की नाहीत, याबाबत फार खल करण्याची गरज नाही, ते घ्यावेत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने जगभरातील संगणक बंद पाडले, तेव्हा ज्या त्रुटीतून तो आत शिरत होता तिच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिलेला होता. बाधित झालेली बहुसंख्य यंत्रे विंडोज ७ वर चालत होती आणि विंडोज ७ ला तेव्हा अपडेट मिळतच होते. फक्त ते त्या यंत्रांवर बसवलेले नव्हते. जुनी आवृत्ती वापरणे हा स्वतःहून धोका नसतो. अपडेट न मिळणारी किंवा न घेतलेली आवृत्ती वापरणे हा धोका असतो, एवढे या घटनेवरून लक्षात घ्यावे.

म्हणून पहिले काम असे, की आपल्या संगणकावर नेमकी कोणती आवृत्ती आहे ते पाहावे आणि तिचा आधार, म्हणजे अपडेट मिळणे, कधी संपतो ते उत्पादकाच्या संकेतस्थळावरून टिपून घ्यावे. विंडोजवर ‘विंडोज’ कळ आणि ‘आर’ एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत ‘विनव्हर’ (winver) हा शब्द इंग्रजी अक्षरांत टंकला, की आवृत्तीचा क्रमांक दिसतो. मॅकवर सफरचंदाच्या चिन्हाखालील ‘अबाउट धिस मॅक’मध्ये तो मिळतो. केवळ ‘विंडोज ११’ एवढे कळणे पुरेसे नाही, कारण विंडोज ११ च्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीचे आयुष्य वेगळे असते. होम आणि प्रो प्रकारांना ते चोवीस महिन्यांचे मिळते. त्यामुळे विंडोज ११ वापरणाऱ्याचा संगणकसुद्धा अपडेटविना राहिलेला असू शकतो. उदाहरणार्थ, २३एच२ या आवृत्तीच्या होम आणि प्रो प्रकारांचा आधार ११ नोव्हेंबर २०२५ रोजी संपला.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना विस्तारित सुरक्षा अपडेटच्या योजनेत नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत घेता येते, मात्र त्यासाठी यंत्रावर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असावी लागते. या योजनेत फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतात. नव्या सोयी किंवा इतर दुरुस्त्या मिळत नाहीत. ज्यांचे यंत्र जुने आहे आणि नवे घेण्यास काही महिने लागणार आहेत, त्यांच्यासाठी ही योजना उपयोगी आहे. तिच्याकडे निर्णय घेण्यासाठी मिळालेला वेळ म्हणून पाहावे.

ॲपल आधाराच्या तारखा आधीपासून जाहीर करीत नाही, परंतु चालू आवृत्ती आणि तिच्या मागच्या दोन आवृत्त्या यांना सुरक्षा अपडेट मिळत राहतात, असे आजवरच्या वहिवाटीवरून दिसते. उबुंटू या लिनक्स प्रणालीचे गणित अधिक स्पष्ट आहे. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या एलटीएस, म्हणजे दीर्घ आधाराच्या, आवृत्तीला पाच वर्षांचा मूळ आधार असतो, तर मधल्या आवृत्त्यांना केवळ नऊ महिन्यांचा. ज्यांना वारंवार अपग्रेडच्या भानगडीत पडायचे नाही, त्यांनी एलटीएसवरच राहावे.

आधार संपला म्हणून संगणक बंद पडत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट लोकांना निर्धास्त करते. दुसऱ्या दिवशी सर्व काही पूर्वीसारखेच चालते, तिसऱ्या दिवशीही चालते. परंतु नव्या आणि जुन्या आवृत्तीचा पुष्कळसा आतला कोड सामायिक असतो. नव्या आवृत्तीतील एखादी त्रुटी दुरुस्त झाली, की त्या दुरुस्तीचा अभ्यास करून हल्लेखोरांना जुन्या आवृत्तीतील तीच, न बुजवलेली त्रुटी शोधता येते. त्यामुळे आधार संपल्यानंतरचा प्रत्येक महिना धोक्यात थोडी भर घालतो. शिवाय काही काळाने इतर सॉफ्टवेअरही साथ सोडतात. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यानंतर क्रोमने काही वर्षे साथ दिली, पण १०९ ही विंडोज ७ वर चालणारी त्याची शेवटची आवृत्ती ठरली. ब्राउझरला अपडेट मिळणे थांबले, की त्या संगणकावरून इंटरनेटवर जाणे खरोखर जोखमीचे होते.

तेव्हा तारखेचा निष्कर्ष असा: आधाराला वर्षभराहून अधिक काळ उरला असेल, तर घाई करण्याचे कारण नाही. सहा महिन्यांहून कमी उरला असेल, तर तयारी आताच सुरू करावी. मुदत उलटून गेली असेल, तर मात्र ‘करावे की नाही’ हा प्रश्नच उरत नाही. अपग्रेड, दुसरी प्रणाली, नवे यंत्र किंवा इंटरनेटपासून फारकत यांपैकी एक मार्ग निवडावाच लागतो.

यंत्राला झेपेल का

विंडोज ११ साठी ६४-बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, यूईएफआय (संगणक सुरू करणारी नवी पद्धत) व सिक्युअर बूटची (सुरू होताना केवळ विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणारी) सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आवश्यक आहे. प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीतलाही असावा लागतो. ढोबळ मानाने सांगायचे, तर इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका आणि त्यापुढील प्रोसेसर या यादीत येतात. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप या सर्व अटी एकदम तपासून देते.

हे ॲप ‘टीपीएम आढळले नाही’ असे सांगते, तेव्हा बरेच जण संगणकच कालबाह्य झाला असे समजून तिथेच थांबतात. तसे करू नये. अनेक यंत्रांमध्ये टीपीएम असते, पण बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेले असते. ‘विंडोज’ आणि ‘आर’ दाबून ‘टीपीएम.एमएससी’ (tpm.msc) ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. उघडणाऱ्या खिडकीत टीपीएम वापरास तयार असल्याचे आणि खाली स्पेसिफिकेशन २.० असल्याचे दिसले, तर ती अट पूर्ण झाली. टीपीएम सापडत नसल्याचा संदेश आला, तर संगणक पुन्हा सुरू करून बायोसमध्ये जावे आणि सुरक्षेच्या किंवा ‘ॲडव्हान्स्ड’ विभागात इंटेलच्या यंत्रावर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या यंत्रावर ‘एफटीपीएम’ या नावाचा पर्याय शोधावा. तो सुरू केला, की पुष्कळदा अडथळा दूर होतो. त्याच चौकटीत ‘एमएसइन्फो३२’ (msinfo32) ही आज्ञा दिली, तर ‘बायोस मोड’ ही ओळ दिसते. तिथे ‘लेगसी’ असेल, तर केवळ बायोसमधील पर्याय बदलून भागत नाही. डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीवरून जीपीटी या नव्या पद्धतीवर न्यावी लागते, आणि त्याआधी तो बदलल्यास संगणक सुरूच होणार नाही. हे काम विंडोजमधील साधनाने करता येते, परंतु पूर्ण बॅकअप हाती असल्याशिवाय त्याला हात लावू नये.

याच टप्प्यावर एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. डिस्क बिटलॉकरने किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ने कुलूपबंद असेल, तर टीपीएम किंवा सिक्युअर बूटच्या पर्यायांत बदल केल्यावर संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. पुष्कळ लॅपटॉपमध्ये हे एन्क्रिप्शन आपोआप सुरू झालेले असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली आहे का ते आधी पाहावे, आणि कागदावर लिहून त्या संगणकाबाहेर ठेवावी. की हरवली, तर डिस्कवरील माहिती मिळवण्याचा दुसरा मार्ग नाही. उत्पादकही ती उघडून देऊ शकत नाही.

किमान अटी पूर्ण होणे आणि काम सुखाने चालणे यांत बरेच अंतर आहे. ४ जीबी रॅमवर विंडोज ११ सुरू होते, पण ब्राउझरच्या चार-पाच टॅब आणि एखादी मोठी फाइल उघडली, की यंत्र अडखळू लागते. माझ्या मते ८ जीबीहून कमी रॅम असलेल्या यंत्रावर विंडोज ११ घालण्याआधी रॅम वाढवता येते का ते पाहावे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवणे हा त्याहून मोठा फरक पाडणारा बदल आहे. संगणक संथ झाला म्हणून नवी ऑपरेटिंग सिस्टीम घालणाऱ्यांची बहुधा निराशा होते, कारण संथपणाचे कारण डिस्क असते आणि नवी आवृत्ती त्या डिस्कवर जुनीपेक्षा जास्तच भार टाकते.

अटी डावलून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या सर्वत्र सांगितल्या जातात आणि त्या चालतातही. मात्र अशा यंत्रांना पुढील अपडेट मिळतील याची हमी नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले आहे. ज्या सुरक्षा अपडेटसाठी हा सारा खटाटोप करायचा, त्यांचीच खात्री नसेल, तर ज्या संगणकावर उदरनिर्वाहाचे काम चालते तिथे ही युक्ती करू नये. सरावाच्या जुन्या यंत्रावर ती करून पाहण्यास हरकत नाही.

मॅकच्या बाबतीत यादी सरळ आहे: ॲपल प्रत्येक आवृत्तीसोबत चालणाऱ्या मॉडेलांची नावे देते. इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली ‘ताहो’ ही शेवटची आवृत्ती आहे. त्यामुळे अशा मॅकच्या मालकांनी पुढचे यंत्र केव्हा घ्यायचे याचा विचार आतापासून करावा.

काम कशावर अडते

अपग्रेडनंतर होणाऱ्या मनस्तापाचे मूळ बहुतेक वेळा ऑपरेटिंग सिस्टीममध्ये नसते. जे एखादे सॉफ्टवेअर किंवा उपकरण कोणाच्या ध्यानात आले नाही, तिथे ते असते. म्हणून आपण काय काय वापरतो याची यादी करावी, आणि ती आठवणीतून न करता आठवडाभर काम करता करता करावी. उघडलेले प्रत्येक सॉफ्टवेअर, जोडलेले प्रत्येक उपकरण, ब्राउझरमधील एक्स्टेन्शन, बाहेरून आणून बसवलेले फॉन्ट, डिजिटल सहीचे टोकन, लायसन्सचे डोंगल, असे सर्व लिहावे. वर्षातून एकदाच लागणाऱ्या गोष्टी या यादीतून हमखास सुटतात. हिशेबाचे वर्ष संपताना वापरले जाणारे सॉफ्टवेअर किंवा क्वचित लागणारा स्कॅनर आठवून त्यात घालावा.

मग यादीतील प्रत्येक गोष्टीसमोर उत्पादकाने काय लिहिले आहे ते नोंदवावे. ‘चालेल बहुतेक’ या उत्तरावर समाधान मानू नये. उत्पादकाच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलसाठी नव्या आवृत्तीचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर, आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. प्रिंटर आणि स्कॅनर एकाच यंत्रात असतील, तर दोहोंची वेगवेगळी चौकशी करावी, कारण छपाई सर्वसाधारण ड्रायव्हरवर चालून जाते आणि स्कॅनिंग मात्र बंद पडते, असे पुष्कळदा घडते.

काही अडथळे तर आधीच ठाऊक असलेले आहेत. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. ज्यांचे विंडोज १० ३२-बिट आहे त्यांना असलेल्या प्रणालीवरून वर जाता येत नाही. नव्याने इन्स्टॉल करावे लागते, आणि त्यांचे ३२-बिट ड्रायव्हर निरुपयोगी ठरतात. साधी ३२-बिट सॉफ्टवेअर ६४-बिट विंडोजवर चालतात, पण फार जुनी १६-बिट सॉफ्टवेअर चालत नाहीत. मॅकवर ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या ‘कॅटालिना’ने ३२-बिट सॉफ्टवेअर पूर्णपणे बंद केली. तिच्याआधीच्या आवृत्तीवर अजून असलेल्यांनी वर जाण्यापूर्वी ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मधील सॉफ्टवेअरच्या यादीत प्रत्येक नावापुढे ६४-बिट असल्याची नोंद आहे का ते पाहावे. लिनक्सवर बाहेरच्या स्रोतांमधून घेतलेली पॅकेजे हा नाजूक भाग असतो. उबुंटूचे अपग्रेड साधन असे स्रोत तात्पुरते बंद करते आणि नंतर ते एकेक करून पुन्हा सुरू करावे लागतात.

यादीतील एखादी महत्त्वाची गोष्ट नव्या आवृत्तीवर चालणार नाही असे निघाले, तर त्या एका गोष्टीसाठी सर्व काम जुन्या प्रणालीवर अडकवून ठेवू नये. समजा, एका छोट्या कार्यालयात मोठ्या नकाशांसाठीचा स्कॅनर आहे, तो उत्तम चालतो, पण त्याच्या ड्रायव्हरची शेवटची आवृत्ती विंडोज ७ साठीच निघाली होती. अशा वेळी एक जुना संगणक केवळ त्या स्कॅनरसाठी ठेवावा, त्याची नेटवर्क केबल काढून वायफाय बंद करावे, स्कॅन केलेल्या फाइल पेन ड्राइव्हने दुसऱ्या यंत्रावर न्याव्यात, तिथे त्या आधी अँटिव्हायरसने तपासाव्यात आणि मगच उघडाव्यात. बाकीचे सर्व संगणक निर्धास्तपणे पुढे नेता येतात. एखादे जुने सॉफ्टवेअर अडत असेल आणि त्याला कोणतेही उपकरण जोडावे लागत नसेल, तर ते नव्या प्रणालीतील व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात, चालवणे हा याहून सुटसुटीत मार्ग आहे.

शक्य असेल तिथे प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. उबुंटूसारखे लिनक्स पेन ड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता, सुरू करून पाहता येते. वायफाय, आवाज, ब्लूटूथ, प्रिंटर आणि लॅपटॉप मिटल्यावर झोपून पुन्हा जागा होतो का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. मॅकओएसही बाहेरच्या एसएसडीवर बसवून त्यावरून चालवता येते. घरात किंवा कार्यालयात कमी महत्त्वाचे दुसरे यंत्र असेल, तर अपग्रेडचा मान आधी त्याला द्यावा.

मागे फिरण्याची सोय

या भागाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि माझ्या दृष्टीने निर्णयाचा सर्वांत वजनदार भाग हाच आहे. मागे फिरता येत असेल, तर चुकलेला निर्णय दुरुस्त करता येतो. तसे नसेल, तर योग्य वाटणारा निर्णयसुद्धा जुगार ठरतो.

विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’ विभागातून ‘गो बॅक’ करण्यासाठी साधारणतः दहा दिवस मिळतात. त्या काळात जुनी प्रणाली ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरमध्ये ठेवलेली असते. डिस्कवर जागा कमी पडते म्हणून ‘डिस्क क्लीनअप’ करताना हे फोल्डर उडवले, तर परतीचा हा मार्ग तिथेच संपतो. मॅकवर असे बटणच नाही: मागच्या आवृत्तीवर जायचे असेल, तर डिस्क पुसून जुनी आवृत्ती नव्याने घालावी लागते. उबुंटू आणि डेबियन या लिनक्स प्रणालींमध्येही मागे जाण्याचा अधिकृत मार्ग नाही. तेव्हा तिन्ही ठिकाणी खरा आधार बॅकअपचाच.

बॅकअपच्या दोन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक अपग्रेडच्या वेळी संगणकाला जोडलेली नसावी. क्लाउडमध्ये सिंक होणारे फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे, कारण संगणकावर फाइल पुसली गेली, की ती तिथूनही पुसली जाते. केवळ फाइलींची नक्कल न घेता संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घेतली, तर सॉफ्टवेअर, सेटिंग्ज आणि लायसन्ससकट जुनी स्थिती परत आणता येते. काम संगणकावर अवलंबून असणाऱ्यांनी इमेजच घ्यावी. बॅकअप झाल्यावर तो उघडून पाहावा. दोन-तीन वर्षांपूर्वीची एखादी फाइल निवडावी, ती बॅकअपमधून वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणावी आणि उघडून शेवटच्या पानापर्यंत पाहावी. जमल्यास हीच तपासणी दुसऱ्या संगणकावर करावी, म्हणजे बॅकअप उघडणारे सॉफ्टवेअर आणि त्याचा पासवर्डही आपल्याकडे असल्याची खात्री होते.

हे सांगण्यामागे कारण आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती बाहेर पडली आणि ज्यांनी ‘डॉक्युमेंट्स’सारखे फोल्डर दुसऱ्या ठिकाणी वळवून ठेवले होते, अशा काही वापरकर्त्यांच्या मूळ फोल्डरमधील फाइल अपग्रेडच्या वेळी पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच वितरण थांबवले आणि दुरुस्ती करून १३ नोव्हेंबरला ते पुन्हा सुरू केले. ज्यांच्याकडे बॅकअप होता त्यांची माहिती वाचली, आणि ज्यांनी आणखी सहा आठवडे वाट पाहिली त्यांना या गोष्टीची झळच लागली नाही.

फाइलींखेरीज ज्या गोष्टी निसटतात त्यांची आठवण ठेवावी: ब्राउझरमधील पासवर्ड व बुकमार्क, संगणकावरच साठवलेले जुने ईमेल, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा जो भलत्याच फोल्डरमध्ये असतो, सॉफ्टवेअरच्या लायसन्सचे क्रमांक. काही सॉफ्टवेअर ठरावीक संख्येच्या यंत्रांवरच चालतात. नव्याने इन्स्टॉल करणार असाल, तर आधी जुन्या जागेवरून ते ‘डीॲक्टिव्हेट’ करावे, नाहीतर नव्या जागी ते सुरू होत नाही.

केव्हा करावे

नवी आवृत्ती आली त्या आठवड्यात अपग्रेड करू नये. १८०९ चे उदाहरण वर आलेच आहे. उबुंटू स्वतःच हे शहाणपण पाळते: एका एलटीएसवरून पुढच्या एलटीएसवर जाण्याची सूचना नव्या आवृत्तीची पहिली दुरुस्त उपआवृत्ती, म्हणजे ‘पॉइंट वन’, निघाल्यावरच सर्वसाधारण वापरकर्त्यांना दिली जाते. विंडोज आणि मॅकसाठीही दोन-तीन महिन्यांची वाट पुरेशी ठरते, मात्र त्या काळात जुन्या आवृत्तीला अपडेट मिळत असले पाहिजेत. मायक्रोसॉफ्ट प्रत्येक आवृत्तीच्या ज्ञात अडचणींची यादी प्रसिद्ध करते. एखाद्या ड्रायव्हरशी किंवा सॉफ्टवेअरशी न जुळणाऱ्या यंत्रांना ती कंपनीच अपग्रेड देणे थांबवते. इतरांना नवी आवृत्ती मिळाली आणि आपल्याला दिसत नाही म्हणून ती जबरदस्तीने बसवू नये. ती अडवलेली असण्यास बहुधा कारण असते.

आपल्या कामाचे वेळापत्रकही पाहावे. परीक्षा, प्रबंध सादर करण्याची तारीख, हिशेबाची अखेर किंवा ग्राहकाला दिलेली मुदत तोंडावर असताना अपग्रेड करू नये. पुढचे दोन-तीन दिवस मोकळे आहेत आणि गरज पडल्यास दुसऱ्या संगणकावर काम निभावता येईल, अशी वेळ निवडावी.

आता राहिला नव्या सोयींचा प्रश्न. एखादे आवश्यक सॉफ्टवेअर केवळ नव्या आवृत्तीवर चालत असेल, नवे उपकरण जुन्या आवृत्तीला ओळखता येत नसेल, किंवा दृष्टी वा श्रवणाची अडचण असणाऱ्याला नव्या आवृत्तीतील सहायक सोय खरोखर उपयोगी पडणार असेल, तर मुदत शिल्लक असतानाही अपग्रेड करणे योग्य आहे. बाकी चिन्हांचे रंग आणि मेन्यूची जागा यांसाठी चालू काम विस्कळीत करू नये.

अपग्रेड शक्य नाही आणि मुदतही उलटली आहे, असे यंत्र पुष्कळांकडे असते. ते टाकून देण्याआधी त्यावर लिनक्स चालेल का, याचा विचार जरूर करावा. ब्राउझर, ईमेल, लेखन आणि व्हिडिओ एवढाच वापर असेल, तर दहा वर्षे जुन्या यंत्रालाही त्यामुळे नियमित सुरक्षा अपडेट मिळू लागतात. मात्र एखादे विशिष्ट विंडोज सॉफ्टवेअर रोज लागत असेल, तर हा सल्ला लागू होत नाही. तिथे नव्या यंत्राचीच तजवीज करावी. तोवर त्या जुन्या संगणकावरून बँकेचे व्यवहार आणि मुख्य ईमेल बंद ठेवावेत.

प्रत्यक्ष अपग्रेड आणि नंतरचे दहा दिवस

निर्णय होकाराचा झाला, तर आधी सध्याच्या आवृत्तीचे सर्व अपडेट आणि उत्पादकाने दिलेले बायोसचे अपडेट घ्यावेत, डिस्कवर भरपूर मोकळी जागा करावी, अतिरिक्त उपकरणे काढून ठेवावीत आणि लॅपटॉप चार्जरला लावावा. इन्स्टॉल करण्याचा पेन ड्राइव्ह आधीच बनवून ठेवावा, कारण संगणक सुरू होईनासा झाल्यावर तो बनवण्यासाठी दुसऱ्याचा संगणक शोधावा लागतो. उबुंटूमध्ये एलटीएसचा टप्पा ओलांडून जाता येत नाही, २०.०४ वरून २४.०४ वर जायचे, तर मध्ये २२.०४ वर थांबावेच लागते.

असलेल्या प्रणालीवरूनच वर जावे की डिस्क पुसून नव्याने इन्स्टॉल करावे, याबद्दल मतभेद आहेत. यंत्र आजवर व्यवस्थित चालत असेल, तर पहिला मार्ग पुरेसा आहे. आधीपासूनच त्यात अनाकलनीय बिघाड असतील, तर ते नव्या आवृत्तीत सोबत नेण्यापेक्षा नव्याने सुरुवात करावी.

अपग्रेड झाल्यावर आठवडाभर केलेली ती यादी पुन्हा समोर घ्यावी आणि तिच्यातील प्रत्येक गोष्ट वापरून पाहावी. नुसते सॉफ्टवेअर उघडले म्हणजे ते चालते असे नाही. फाइल जतन करून, छापून, स्कॅन करून, सही उमटवून पाहावे. हे सर्व पहिल्या तीन-चार दिवसांत उरकावे, म्हणजे अडचण निघाल्यास उत्पादकाकडे विचारणा करून उत्तर येईपर्यंत परतीच्या दहा दिवसांपैकी काही हाती राहतात. मागे जावे लागले, तर अपग्रेडनंतर तयार केलेल्या फाइल आधी बाहेर नकलून घ्याव्यात आणि नंतर बसवलेली सॉफ्टवेअर परतल्यावर पुन्हा घालावी लागतील हे गृहीत धरावे. सर्व काही सुरळीत असले, तरी अपग्रेडच्या आधी घेतलेली डिस्कची इमेज लगेच पुसू नये. वर्षातून एकदाच लागणारे ते सॉफ्टवेअर नव्या प्रणालीवर एकदा चालवून होईपर्यंत ती जपून ठेवावी.